झाकण आणि बोळा

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी.
रोजनिशी सुरू. ही वही कोणी वाचू नये. वाचल्यास फायदा वाचणाऱ्याचाच आहे, पण वाचू नये.
डाव्या पायाला गेल्या सोमवारपासून प्लास्टर. सहा आठवडे. हाटकेश भागातल्या आमच्या कारखान्याच्या गाळ्यात बरण्यांची झाकणं बनतात, मी तिथे स्टोअर इनचार्ज. जमिनीवर प्लास्टिकचा दाणा सांडला होता. ‘सांडलेला दाणा ताबडतोब झाडावा’ ही पाटी मीच लावलेली आहे. ती सरळ आहे की तिरकी ते बघत चाललो होतो. तिथेच घसरलो.
घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दुरुस्तीची तीन कोटेशन्स आली आहेत. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी ती कपाटात ठेवली आहेत. घाई करायची नाही, तुलना करायची, हे माझं धोरण. धोरण बरोबरच आहे. फक्त सध्या खाली जाता येत नाही.
सहा आठवडे वाया घालवणार नाही. तेजश्री एफवाय बीएस्सीला आहे. यंदाच्या मार्कांवर पुढच्या वर्षी मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळणार. झूलॉजीच्या जागा चाळीस, मागणारे शंभरावर. तिला झूलॉजीच हवं. लहानपणी बाकीची पोरं झुरळ दिसलं की किंचाळायची, ही त्याला उलटं करून पाय मोजायची.
संकल्प: फर्स्ट इयर आम्ही दोघं मिळून करणार. तिला अजून सांगितलेलं नाही. आनंद होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सांगितलं. म्हणाली, बाबा, पाय दुखत असेल ना, तुम्ही आराम करा. पोरगी आनंद आतल्या आत ठेवते. माझ्यावर गेली आहे.

१३ जानेवारी, मंगळवार.
वेळापत्रक तयार. पाचला उठणे. पाच ते सात केमिस्ट्री, मग बॉटनी, मग झूलॉजी, दुपारी स्टॅटिस्टिक्स, संध्याकाळी तेजश्रीची उजळणी. तीन रंगांत. बायको, शेवंती, शाळेत निघाली होती, तिथे ती क्लार्क आहे. म्हणाली, भिंतीला खिळा ठोकू नका. टेपने लावलं. दुपारी पडलं.

१४ जानेवारी, बुधवार.
नऊला उठलो. गोळ्यांची गुंगी. उद्यापासून पाच.
पुस्तकं चाळली. बायोलॉजी घ्यायची तर पहिल्या वर्षी निम्मी केमिस्ट्री आहे आणि उरलेल्यात आकडेमोड. प्राणी पार मागच्या बाकावर बसवलेत. ही शिक्षणपद्धती कोणी ठरवली कळत नाही. मी ठरवली असती तर वाघापासून सुरुवात केली असती.
केमिस्ट्रीत ‘मोल’ नावाची भानगड आहे. सगळे घाबरतात. मला लगेच कळलं. आम्ही झाकणं ग्रोसवर मोजतो, एका ग्रोसमध्ये एकशे चव्वेचाळीस. मोल म्हणजे मोठा ग्रोस. बस्स. तेजश्री कॉलेजला निघाली होती, तिला थांबवून समजावलं. एक बूट पायात आणि एक हातात घेऊन उभी राहून ऐकत होती. बस चुकली. ज्ञानासाठी एखादी बस गेली तर हरकत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार.
महत्त्वाची बातमी, तीही शेवंतीकडून. झूलॉजीचं प्रोजेक्ट मिळालंय. फळमाशीचं जीवनचक्र: बाटलीत केळं ठेवायचं, माश्या सोडायच्या, अंडी, अळी, कोष, पुन्हा माशी, रोज बघून नोंद करायची. इंटर्नलचे मार्क यावरच. म्हणजे झूलॉजीची जागाही यावरच. मला का सांगितलं नाही असं तेजश्रीला विचारलं. म्हणाली, सांगणारच होते.
मी म्हटलं, बाटली घरीच ठेवू, मी दिवसभर इथेच आहे, माझ्यासारखा निरीक्षक कॉलेजला शोधून सापडणार नाही. मायलेकी बराच वेळ स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. माझी प्रकृती हाच विषय असणार.

१६ जानेवारी, शुक्रवार.
बाटली आली. काचेची, उभट. तळाशी कुस्करलेलं वेलची केळं, वर यीस्टचे चार दाणे, आत आठ-दहा माश्या. तोंडाला कापसाचा बोळा.
तेजश्री म्हणाली, ही तुमच्याकडे, बाबा. रोज बघायचं आणि लिहायचं. बाकी काही करायचं नाही. बोळा काढायचा नाही. शेवटचं वाक्य तीनदा म्हणाली. प्रोजेक्टचं टेन्शन आहे बिचारीला.

१७ जानेवारी, शनिवार.
बोळा काढला.
कारण लिहून ठेवतो. झाकणाच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. लोणच्यापासून प्रोटीन पावडरपर्यंत आमची झाकणं जातात. आणि माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या बाटलीला बोळा? गाळ्यातला नाथा रविवारचा येतो म्हणाला होता, त्याला आजच बोलावलं. त्रेपन्न एमएमचं निळं झाकण घेऊन आला. चपखल बसलं. हवा लागते म्हणून दाभण तापवून भोकं पाडली. नाथा म्हणाला, साहेब, भोकं जरा मोठी झाली का? नाथा चांगला ऑपरेटर आहे, पण त्याचं सायन्स कच्चं.
तेजश्रीला लगेच सांगणार नाही. निकाल बघून स्वतःच थक्क होईल.

१८ जानेवारी, रविवार.
जेवताना उजळणी घेतली. मायटोसिसचे टप्पे विचारले. तिने धडाधड सांगितले. बरोबर की चूक ते पुस्तक आत राहिल्याने कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारले. ताट अर्धवट टाकून उठली. म्हणाली, क्रिस्टलकडे जाते, तारोडीला, ग्रुप स्टडी आहे. क्रिस्टल तिच्याच वर्गात, राहते समुद्राकाठी. रविवारीसुद्धा अभ्यास. वेळापत्रकाचा परिणाम दिसू लागला.

२१ जानेवारी, बुधवार.
अळ्या झाल्या! बारीक, पांढऱ्या, केळ्यात वळवळतात. वरून मोजता येईनात म्हणून चमच्याने ढवळून मोजल्या. एकदा एकवीस आल्या, एकदा चौतीस. सरासरी काढली. हेच ते स्टॅटिस्टिक्स, उगाच बाऊ करतात.
संध्याकाळी शेवंतीने विचारलं, चमचा कोणता घेतला होता. मी तेव्हा पोहे खात होतो. खाणं थांबवलं.

२४ जानेवारी, शनिवार.
तेजश्री हल्ली रोज उशिरा येते. कपड्यांना सुक्या बोंबलाचा वास. आधी शंका आली. मग केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं: अमाइन नावाची रसायनं असतात, त्यांना माशासारखा वास येतो. म्हणजे लॅबमध्ये राबतेय पोरगी. शेवंतीला समजावून सांगितलं. ती हसली. केमिस्ट्रीत तिला गती नाही.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेआठ.
खाली झेंडावंदन. नऊ वर्षं सेक्रेटरी म्हणून दोरी मीच ओढली. यंदा २०४ च्या मिश्राजींनी ओढली. मी खिडकीच्या ग्रीलला धरून उभा होतो. सलाम केला तेव्हा कुबडी खाली छज्ज्यावर पडली. ती अजून तिथेच आहे. मिश्राजींनी खालून हात हलवला. म्हणाले, सेक्रेटरीसाब, लिफ्ट चालू करवाओ, आप भी नीचे आ जाओगे. सगळे हसले.
चार भिंती, एक खिडकी, एक पाय. आज जरा जड गेलं. पेढा वर कोणी आणला नाही.

२८ जानेवारी, बुधवार. सकाळी अकरा.
आज घडलं. कोष फुटला. आतून माशी निघाली. ओली, फिकी, पंख चुरगळलेले. बाटलीच्या काचेवर बसून तिने ते हळूहळू सरळ केले. मी खुर्ची ओढून अगदी नाक लावून बघत होतो. मांडी अवघडली तरी हललो नाही. इतकी लहान वस्तू आणि सगळं जिथल्या तिथे. मला फार बरं वाटलं.
सांगायला घरात कोणी नव्हतं. नाथाला फोन केला. म्हणाला, साहेब, माशी आहे ना, की मोर आहे?

३० जानेवारी, शुक्रवार.
काल बाटलीत वीस. आज सहा. सायन्समध्ये याला मॉर्टॅलिटी म्हणतात. मेलेल्या मात्र दिसत नाहीत. बहुधा विरघळतात.
हॉलमध्ये चिलटं फार झाली आहेत. शेवंती म्हणाली, तुमच्या बाटलीतल्याच आहेत. तिला फरक समजावला. बाटलीत असते ती ड्रोसोफिला. चहात पडतं ते चिलट.

२ फेब्रुवारी, सोमवार.
मिश्राजी वर आले. हातात चहाचा कप, त्यात दोन चिलटं. म्हणाले, भाईसाब, ये मच्छर नहीं है, मच्छर काटता है, ये तो नहाने आता है. पूरे विंग में हो गया. १०३ मधल्या मनोरमाबाईंनीही खालून ओरडून सांगितलं, देवाजवळ फळं ठेवू देत नाहीत हो.
मी तपासाचं आश्वासन दिलं. कारण उघड आहे. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू ओला कचरा झाकत नाहीत. झाकण लावायचं महत्त्व या देशात कोणाला कळत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.
नोटीस काढली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की काही बेजबाबदार व्यक्तींमुळे इमारतीत चिलटांचा उपद्रव वाढला आहे. शनिवारी सर्व फ्लॅटमध्ये, कपाटांसह, पेस्ट कंट्रोल होईल. कोणालाही सूट मिळणार नाही.’ कपाटांसह हा शब्द माझा. कमिटीने एकमताने मंजूर केली. आडवा असलो तरी सोसायटी मीच चालवतो आहे, हे सगळ्यांना दिसलं.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
काय झालं ते क्रमाने लिहितो.
पंपवाला दहाला आला. तेव्हा बाटली आठवली. मी त्याला म्हटलं, या घरात नको, इथे संशोधन चालू आहे. त्याने माझीच नोटीस दाखवली. माझ्या सहीची. सूट मिळणार नाही. शेवंती आणि तेजश्री खाली गेल्या होत्या, मला जिन्यात स्टुलावर बसवून. मी त्याची नजर चुकवून, लंगडत आत जाऊन बाटली कपाटात ठेवली, लिफ्टच्या कोटेशन्सच्या मागे. परत येऊन स्टुलावर बसलो. आतून फवाऱ्याचा आवाज येत होता. मग कपाटाचं दार करकरलं.
दुपारपर्यंत जिन्यातच होतो. आत जाता येईना, खाली जाता येईना. मिश्राजी जाता-येता म्हणत होते, बैठे हो? बैठो, बैठो.
बाटलीत सगळं शांत आहे. झाकण घट्ट होतं. भोकं होती.

८ फेब्रुवारी, रविवार.
तेजश्रीला कसं सांगू? तिची झूलॉजीची जागा माझ्या कपाटात मेली. जेवण गेलं नाही. तिने विचारलं, बाबा, माश्या कशा आहेत? म्हटलं, विश्रांती घेतायत.
एकोणीसला प्रेझेंटेशन आहे. मार्ग निघेल. मार्ग मी काढीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
मार्ग निघाला. गाळ्यात मोजलेला माल आणि रजिस्टर जुळलं नाही तर आम्ही घाबरत नाही. मागचा वेग बघून पुढचा आकडा काढायचा. त्याच धर्तीवर सात तारखेपासून अठरापर्यंतच्या माश्यांचा तक्ता केला. सुबक झालाय. तीन रंगांत. कॉलेजमध्ये असा तक्ता कोणी पाहिला नसेल.
तेजश्रीला दिला. तिने अठरापर्यंत वाचला आणि म्हणाली, बाबा, आज दहा तारीख आहे.
म्हटलं, ते आगाऊ आहे.
म्हणाली, आणि या सगळ्या माश्या आत्ता कुठे आहेत?
म्हटलं, ट्रान्झिटमध्ये.
तिने कागदाची घडी घातली आणि बॅगेत ठेवला. पसंत पडलेला दिसतो.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी.
तरीही झोप लागेना. मुदत वाढवून घ्यावी म्हणून झूलॉजीच्या मिशेल मॅडमना फोन केला. नंबर कॉलेजच्या माहितीपुस्तकात होता. सांगितलं, मी तेजश्री सोनकांबळेचा बाप, घरी अपघात झाला, माश्या गेल्या, मुलीचा दोष नाही, मार्क कापायचे तर कसे कापता येतील ते माझ्याशी बोला.
मॅडम म्हणाल्या, तेजश्रीचं तर उत्तम चाललंय. क्रिस्टलच्या घरी, तारोडीला, दोघींनी मिळून चार बाटल्या ठेवल्यात ना. मी रोज फोटो बघते. तुमच्याकडेही एक होती का?
मी म्हटलं, हो, छोटीशी.
मॅडमचा काहीतरी गोंधळ होतोय. वर्गात मुली पुष्कळ असतात.

त्याच दिवशी, चहानंतर.
सुका बोंबील. लॅबमध्ये सुके बोंबील कशाला असतील.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
विचारलं. शेवंतीही समोर बसली होती.
तेजश्री आधी प्लास्टरकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही म्हटलं की तुम्ही आणखी मदत करता. म्हणून नाही म्हटलंच नाही. आई म्हणाली, एक बाटली देऊन ठेव, गुंतून राहतील. माझं खरं काम तिकडे चाललंय. मोल मला अकरावीपासून येतो. मायटोसिस पण येतं. त्या दिवशी बस चुकताना रडू आलं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी हातातल्या बुटाकडे बघत उभी राहिले. आणि तो तक्ता मी लावला असता ना, तर मॅडमनी प्रोजेक्टच रद्द केलं असतं. मग कुठलं झूलॉजी.
आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.
शेवंती म्हणाली, अहो, तुम्ही पायामुळे सहा आठवडे कोंडलात. ती तुमच्यामुळे.
वेळापत्रकाची घडी घालून वहीत ठेवली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
नोंद नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
प्लास्टर काढलं. पाय बारीक झालाय. एकेक पायरी उतरलो, कठडा धरून. खालून पुन्हा वर यायचं होतं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर मिश्राजींकडे पाणी प्यायलो. ते म्हणाले, वो छोटी मक्खी अब बिलकुल नहीं है, मानना पडेगा आपको. मी म्हटलं, मिश्राजी, ती आमच्याच घरातली होती. ते म्हणाले, मालूम है, भाईसाब, सबको मालूम है.
लिफ्टची तिन्ही कोटेशन्स कमिटीकडे पाठवली. तुलना पूर्ण झाली. औषधाचा वास येतोय त्यांना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
आज प्रेझेंटेशन. गाळ्यात रुजू झालो. दिवसभर फोन खिशात होता, केला नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, चांगलं झालं. मी विचारलं, काय काय विचारलं? आणि मग म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच निवांत जेवली.

१४ जून, रविवार.
मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वेळापत्रक नव्हतं.
शुक्रवारी यादी लागली. झूलॉजी मेजर, तेजश्री महिपत सोनकांबळे, अकरावं नाव. क्रिस्टल सतरावी. यादीत माझं नाव मधोमध आहे, बापाचं असतं तसं. तेवढंच.
आज क्रिस्टलच्या आई, मॉलीबाई, यांनी सगळ्यांना तारोडीला जेवायला बोलावलं. अंगणात सुके बोंबील वाळत होते. वास ओळखीचा होता. मॉलीबाई म्हणाल्या, या, बसा, पाय कसा हाय आता? या पोरींनी माझी खिरकी अरवली पाच म्हयने, मी काय बोलले न्हाय. शिकतान तं शिकू दे.
बाटल्या अजून आहेत. सेकंड इयरला लागतील म्हणून दोघींनी पिढ्या चालू ठेवल्यात. खिडकीत ओळीने चार. चारही बाटल्यांना कापसाचे बोळे. एकही माशी बाहेर नाही. मी खोलीभर बघितलं.
तेजश्री केळं बदलायला बसली. एक बाटली तिने माझ्याकडे दिली. धरा, बाबा, म्हणाली. फक्त धरा.
आत एक कोष फुटत होता. मी दोन्ही हातांनी धरली.
बाटलीचं तोंड त्रेपन्न एमएमचं आहे, हे लक्षात आलं. बोललो नाही.